लग्नपत्रिकेमागचा तेरडा

आमच्या सरांना लग्नाचं बोलावणं करायचं म्हणजे दोन पत्रिका द्याव्या लागत. एक त्यांना आणि एक तेरड्याला. चिटगुप्प्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पत्रिका हातात आली की सर वधूवरांची नावं नंतर वाचत, आधी कागद दोन बोटांत धरून वाकवून बघत. जाड निघाला की चेहरा खुलायचा. पातळ निघाला तरी लग्नाला जायचे, चार घास जास्तच जेवायचे, पण परत येताना म्हणायचे, "माणसं चांगली हायत, कागद तेवढा हलका हाय."

पत्रिकांचं ते काय करत हे सांगायचं तर आधी तेरड्याचं सांगावं लागेल. तेरडा आपल्याकडं परसापरसात असतो. शेजारच्या कानडी घरात त्याला गौरीहू म्हणतात, आमच्या गल्लीत बांगड्या विकायला येणारी चाची गुलमेहंदी म्हणायची. पण डोंगराच्या कपारीत, ओढ्याकाठच्या ओल्या खडकावर रानचा तेरडा येतो, त्याच्या जाती कितीतरी. पानांवरून अर्धीच ओळख पटते. खरी ओळख फुलात असते. मागची शेपटी केवढी, कशी वळलेली, दोन्ही बाजूंचे पंख कुठं चिरलेले, हे बघावं लागतं. आणि फूल तर भलतंच नाजूक. झाडासकट कागदात दाबलं की तिसऱ्या दिवशी त्याचा चहाच्या डागासारखा डाग होतो. म्हणून ते तोडल्या जागी, ताजं असतानाच उघडायचं. एकेक भाग सुटा करून वहीच्या पानांत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी बाभळीच्या डिंकानं जाड कागदावर डकवायचा. हा जाड कागद म्हणजे लग्नपत्रिकेची कोरी बाजू. वाळवलेलं झाड मोठ्या कागदावर शिवायचं आणि कोपऱ्यात ही पत्रिका एकाच कडेनं चिकटवायची, म्हणजे उलटून बघता येते. कॉलेजातल्या सरांच्या कपाटात असे चारशेच्या वर कागद होते.

एकदा एक जोडपं कॉलेजात आलं. लग्नाला दहा वर्षं झाली होती, कुठल्याशा नोंदणीला लग्नाची पत्रिका हवी होती आणि नातेवाइकांत कुणाकडंच उरली नव्हती. सरांकडं असणार हे कुणीतरी त्यांना सांगितलं. सरांनी गठ्ठे सोडले, पत्रिका शोधून काढली, पण मागचं फूल सोडवायला तयार होईनात. शेवटी तो अख्खा कागद काखेत धरून ते स्वतः त्या दोघांबरोबर कचेरीत गेले. कारकुनानं पत्रिका वाचली, उलटली, आणि बराच वेळ त्या पाकळ्यांकडं बघत राहिला. सरांनी त्याला तेरड्याच्या शेपटीबद्दल एवढं समजावून सांगितलं की त्यानं काम पटकन उरकून टाकलं. सर मात्र कुरकुरले, त्याला अजून पंखाचं सांगायचं राहिलं म्हणून.

सर आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवत. मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो, मग त्याच कॉलेजात त्यांच्या हाताखाली कच्च्या नोकरीवर लागलो. उंच, सडपातळ माणूस. गळ्यात दोन दोरे, एकात इष्टलिंग आणि दुसऱ्यात भिंग. झाड तोडायच्या आधी त्याच्यापुढं वाकून हळूच "शरणु" म्हणायचे. भाद्रपद लागला की रजा टाकून घाटावर जायचे, रजा नाही मिळाली तर रविवार साधून चिंचोळीच्या डोंगरात. बाहेरचा कुणी म्हणाला की बीदर-गुलबर्ग्याकडं कुठले आलेत डोंगर, की सर त्याला सांगत, "डोंगर उंचीवर ठरत न्हाई अप्पा, वाट किती वाईट हाय त्याच्यावर ठरतंय." 'बहुतेक' या शब्दाचं त्यांना वावडं होतं. तोंडी परीक्षेत एकानं "बहुतेक तेरडा असावा" म्हटलं तर त्याला परत बाहेर पाठवलं आणि नक्की ठरवून ये म्हणाले. झाडांच्या बाबतीत त्यांना फक्त दोनच उत्तरं चालत. खात्री आहे, नाहीतर खात्री नाही. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. मी सगळ्यांत चांगली करायचो, हे इथं कबूल करून टाकतो, कारण यापुढं जे कबूल करायचंय त्याच्यापुढं हे काहीच नाही.

हे घडलं त्या वर्षी सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. हातही थोडा कापायचा. फूल उघडायचं काम ते मला आधीची तीन वर्षं शिकवत होते, आणि मला ते जमायला लागलं होतं. शेपटी न फाडता सुटी करणं सोपं नसतं. पहिल्यांदा जमली तेव्हा सरांनी अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगून माझ्यासाठी हुग्गी, गव्हाची खीर, करायला लावली होती.

भाद्रपदातला रविवार होता. चिंचोळीच्या पुढं, तांड्याच्या वरच्या अंगाला एक घळ आहे, तिथं वेगळ्या पानाचा तेरडा दिसतो असं तांड्यावरच्या एका म्हातारीनं सरांना सांगितलं होतं. आम्ही सकाळी निघालो. अर्ध्या चढणीवर शेवाळलेल्या दगडावरून सरांचा पाय घसरला आणि घोटा सुजला. ते एका मोहाच्या झाडाखाली बसले आणि म्हणाले, तू जा वर. माझं सगळं लक्ष घड्याळाकडं होतं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मला मेहकरला मुलगी बघायला जायचं होतं. चिंचोळीहून संध्याकाळची बस चुकली असती तर सगळंच बोंबललं असतं.

घळीत वर पाणी झिरपत होतं आणि खरंच तिथं पाच झाडं होती. पानं लांबट, समोरासमोर आलेली, आमच्याकडच्या तेरड्याला अशी कधी बघितली नव्हती. फुलं फक्त दोन, बाकीच्या कळ्या. सरांचा नियम होता, फुलं थोडी असतील तर एकच घ्यायचं. मी एक झाड मुळासकट काढलं. त्याच्यावर एक गुलाबी फूल होतं. ते तिथंच बसून उघडायचं होतं. पाऊण तासाचं काम. ढग भरून आले होते, खालून सरांची हाक येत होती, आणि मी ते फूल प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात टाकलं. मनात म्हटलं, घरी जाऊन उघडू.

झाड सरांनी खाली लगेच कागदात दाबलं. मग बसमध्ये विचारलं, "फूल उघडलास न्हवं?"

"व्हय सर," मी म्हणालो. "वहीत हाय."

घरी पोचून पिशवी उघडली तर आत गुलाबी चिखल होता. ना शेपटी ना पंख. सकाळी आई पाणी तापवत होती आणि मी परसात धुण्याच्या दगडापाशी उभा होतो. तिथं आईनं लावलेला तेरडा होता. त्यातलं एक फिकट गुलाबी फूल मी तोडलं. ते उघडलं. इतक्या सफाईनं मी आजवर कुठलंच फूल उघडलं नव्हतं. वहीच्या पानांत ठेवलं, पत्रिकेवर डकवायला सरांच्या घरी नेऊन दिलं, आणि तसाच मेहकरच्या गाडीत बसलो. मुलगी पसंत पडली. तीच माझी बायको. तिला हे सगळं माहीत आहे, पण तिलाही मी फार उशिरा सांगितलं.

मला वाटलं होतं, सर बघतील, काहीतरी विसंगत आहे म्हणून बाजूला ठेवतील. झालं उलटं. ते वेडे झाले. पान घाटावरच्या जातीचं आणि फूल थेट आपल्या परसातलं, असा तेरडा कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. लंगडत कॉलेजात आले. मला तीन वेळा विचारलं, हेच फूल या झाडावरचं ना. तिन्ही वेळा मी हो म्हणालो. तिसऱ्यांदा तर जरा रागानंच म्हणालो, जणू त्यांनी माझ्यावर संशय घेतला होता. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

पाय बरा झाल्यावर ते पुन्हा घळीत जाऊन आले. तोवर बोंडं फुटून गेली होती, वाळक्या काड्या राहिल्या होत्या. पुढच्या भाद्रपदात बघू म्हणाले, आणि थंडीत गुलबर्ग्याला अभ्यासकांचा मेळावा होता तिथं तो कागद घेऊन गेले. मी बरोबर होतो. नवा कोट शिवला होता त्यांनी. त्या कोटात ते कुणीतरी वेगळेच दिसत होते.

बाहेरून एक मोठे तज्ज्ञ आले होते. त्यांनी भिंगातून कागद बघितला. फार वेळ लागला नाही. हसून म्हणाले की यात गूढ काही नाही, झाड एक आणि फूल दुसऱ्याचं. पत्रिकेवर आहे तो बागेतला साधा तेरडा. एका कागदावर दोन झाडं मिसळली आहेत, पहिल्या वर्षाची मुलं करतात ती चूक. सभागृहात हशा पिकला. कुणी वाईट मनानं हसलं नाही, पण हसले. एकानं तर पत्रिकेची पुढची बाजू मोठ्यानं वाचली, चिरंजीव अमुक यांचा शुभविवाह.

सर उभे राहिले. म्हणाले, "चूक माझ्या हातची हाय. माफी असावी." मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. मला फक्त उभं राहून खरं सांगायचं होतं, पण मी बसूनच राहिलो.

परतीच्या बसमध्ये त्यांनी कोट काढून मांडीवर घडी करून ठेवला. हुमनाबाद आलं तेव्हा म्हणाले की तू एवढ्या खात्रीनं सांगतोस म्हणजे तुझं बरोबरच असणार. फूल डकवलं त्या दिवशी तुलनेला म्हणून परसातलं एक फूल त्यांनीही उघडून ताटात ठेवलं होतं, तिथंच पाकळ्या बदलल्या असतील. डोळे असे झालेले, हात असा. मी खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत होतो. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा म्हणून स्वतःच्या हातावरचा काढून घेतला, हे मला तिथंच, त्या बसमध्ये, लख्ख कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी पुढं पुष्कळदा स्वतःला सांगून बघितलं.

पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेलो तर सर जमिनीवर बसले होते आणि भोवती कॉलेजातून आणलेले सगळे गठ्ठे. हातात लाल शाईचं पेन. एकेक कागद पुढं ओढायचे आणि खाली लिहायचे, 'खात्री नाही'. मी म्हणालो, सर, चूक एका कागदात झाली, बाकीच्यांवर कामून?

"हात एकदा चुकला, तर मागं किती बार चुकला आसंल मला काय ठावं?" ते म्हणाले. "वाचणाऱ्याला फसवू न्हाई."

तीस वर्षांचं काम होतं ते. घाट, पाऊस, जळवा, बिनपगारी रजा. चार दिवसांत त्यांनी सगळ्यावर लिहून टाकलं. लिहून झालेले गठ्ठे परत कॉलेजात न्यायला सुतळीनं बांधायचे होते, मी मदत केली. गाठी मी मारल्या.

का बोललो नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. नोकरी पक्की व्हायची होती, हे खरं. लग्न ठरलं होतं, तेही खरं. पण नोकरी पक्की झाली, लग्न झालं, मुलं झाली, तरी मी बोललो नाही. आज सांगू म्हणता म्हणता इतकं शिळं झालं की सांगायला जावं तर कामून एवढे दिवस गप्प होतास याचंच उत्तर आधी द्यावं लागलं असतं. सर त्यानंतर डोंगरात गेले नाहीत. निवृत्त होऊन दुबलगुंडीला आपल्या शेतावर राहायला गेले. त्यांची खुर्ची मला मिळाली. त्या घळीच्या वरच्या पठारावर दगडाची खाण निघाली आणि खडी ढासळून घळ मुजली. तीही बातमी मीच त्यांना फोनवर दिली. ते म्हणाले, "बरं."

काही वर्षांपूर्वी कॉलेजात नव्या संगणकांसाठी जागा हवी म्हणून जुनी कपाटं रिकामी करायची ठरलं. सरांचे कागद ठेवायचे की रद्दीत द्यायचे यावर समितीनं विभागप्रमुखाचा शेरा मागवला. विभागप्रमुख मीच. समितीतल्या एकानं सगळ्यांसमोर दोन गठ्ठे सोडून दाखवले. म्हणाले, ज्यानं गोळा केलं त्यानंच प्रत्येकावर खात्री नाही म्हणून लिहिलंय, मग ठेवायचं कशाला? त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. शेऱ्याचा कागद माझ्यापुढं सरकवला. मी पेन उघडलं, बंद केलं, आणि आठ दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुबलगुंडीला गेलो. सर अंगणात सुपात तूर निवडत बसले होते. डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, जाड चष्मा. मला बघून नेहमीसारखे खूश झाले, बायको-मुलांची चौकशी केली. मी चहा यायच्या आधीच सगळं सांगितलं. पिशवी, चिखल, धुण्याचा दगड, मेहकर. सांगताना त्यांच्याकडं बघण्याची हिंमत झाली नाही, तुरीकडं बघत होतो.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "म्हंजे माझ्या ताटात मिसळलं न्हवतं?"

"न्हाई सर."

"माझा हात चुकला न्हवता?"

"न्हाई."

ते उठले. आत वळून अक्कांना हाक मारली, आणि त्या चहाची कपबशी घेऊन दारात आल्या तेव्हा म्हणाले, "ऐकलीस का, माझा हात चुकला न्हवता." चेहरा असा उजळला होता, मी तो तसा पुन्हा बघेन असं मला वाटलं नव्हतं. ते रागावले असते, हाकलून दिलं असतं, तर मी सहन केलं असतं. त्यांचा आनंद मला बघवेना.

रागावल्या त्या अक्का. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मग माझ्यापुढं कपबशी न ठेवता म्हणाल्या, "दाराला कडी लावली का म्हणून तीन-तीनदा उठून बगतेत हे. शेतात बी किती टाकायचं ते मला इचारतेत. पंधरा वर्षं झाली. म्हातारपण म्हणत हुते मी त्याला." आणि चहा घेऊन आत गेल्या. मला त्या दिवशी त्या घरात चहा मिळाला नाही, आणि तेच बरोबर होतं.

चार दिवसांनी सर कॉलेजात आले. मी खोडरबर, पांढरी शाई सगळं आणून ठेवलं होतं. त्यांनी ते बाजूला सारलं. लिहिलेलं खोडायचं नाही, म्हणाले, त्याच्याखाली काय झालं ते लिहायचं आणि सही करायची. मी पहिला कागद घेतला आणि लिहिलं की वरील शेरा एका सहायकाच्या चुकीमुळे पडला असून या नमुन्याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. सरांनी चष्मा वर करून वाचलं आणि कागद परत माझ्यापुढं ठेवला.

"सहायकाला नाव आसतंय की," ते म्हणाले. "आन् चूक न्हवती ती. काय हुतं ते लिही."

मी लिहिलं. नाव लिहिलं, आणि खोटं बोललो हेही लिहिलं. त्यांनी दुसरा कागद पुढं केला, मग तिसरा. एकच मजकूर चारशे वेळा. सलग तीन दिवस ते दुबलगुंडीहून बसनं येत, माझ्या शेजारी बसत, शाई वाळली की कागद उचलून गठ्ठ्यात घालत. मधेच एखादा कागद धरून ठेवायचे आणि तो तेरडा कुठल्या घाटात मिळाला, तिथं पाऊस कसा होता, हे सांगायचे. वर्गातून येणारे-जाणारे प्राध्यापक दारातून डोकावत. पहिल्या दिवशी कुणी आलं की मी हातानं मजकूर झाकायचो. तिसऱ्या दिवशी हात एवढा दुखत होता की झाकायचं राहून गेलं.

सगळ्यांत शेवटी चिंचोळीच्या घळीतलं झाड राहिलं. लांबट, समोरासमोरची पानं, आणि कोपऱ्यात माझी ती सफाईनं उघडलेली पाकळ्यांची पत्रिका. मी सवयीनं पेन टेकवलं. सरांनी माझं मनगट धरलं. त्यांनी ब्लेडच्या टोकानं पत्रिकेची चिकटलेली कड उचकटली, ती सोडवली आणि माझ्या हातात दिली. आईचा तेरडा होता तो.

"आता काय लिहू, सर?" मी विचारलं.

"ह्याच्यावर काय लिहितोस?" ते म्हणाले. "ह्याचं फूल तू बगितला न्हाईस, मी बगितलो न्हाई. आता ते कुणालाच दिसायचं न्हाई." मग त्यांनी त्या झाडापुढं मान वाकवली, गठ्ठ्याची सुतळी उचलली, आणि या खेपेला गाठ त्यांनी स्वतः मारली.

कपाटं राहिली. संगणकांना दुसरी खोली मिळाली. दर वर्षी नवी मुलं येतात, मी त्यांना गठ्ठे उघडून दाखवतो, आणि या एका कागदाच्या कोपऱ्यातली चौकोनी जागा रिकामी का, असं त्यांतलं कुणीतरी विचारतंच. मी सांगतो. मग कुणी एखादं हळूच विचारतं की ते झाड नक्की कुठल्या जातीचं होतं, आणि मला सांगावं लागतं की ते आता कधीच कळणार नाही.